चार वॅटचा रेडिओ आणि शंभर वॅटचा डबा

गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेची सहल पावागडला गेली होती. परवाना न लागणारे छोटे वॉकी-टॉकी बरोबर होते. पायथ्याशी बसजवळ थांबलेले शिक्षक आणि पुढे गेलेली नववीची तुकडी यांचे बोलणे माचीच्या आधीच्या वळणापर्यंत नीट चालले, पुढे डोंगर आड आला आणि नुसती खरखर उरली. परतल्यावर नववीच्या काही विद्यार्थ्यांनी विज्ञान मंडळाकडे लेखी सूचना दिली की पुढच्या सहलीसाठी 'बूस्टर' घ्यावा. बाजारात तयार मिळतो, किंमतही फार नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका विश्वस्तांनी सरळ विचारले, "मुले म्हणतात तर घेऊन टाका, अडचण काय?"

'कायद्यात बसत नाही' एवढे एक वाक्य सांगून आम्हाला सुटता आले असते. पण मुलांनी प्रश्न विचारायचा आणि आम्ही कायदा पुढे करायचा, हे विज्ञान मंडळाला शोभले नसते. योगायोगाने जानेवारीत आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी बडोद्याला आले होते. ते बरीच वर्षे अमेरिकेत मालवाहू ट्रक चालवतात. त्यांना आम्ही मंडळात बोलावले आणि त्यांनी दोन तास आपल्या ट्रकमधल्या रेडिओची आणि त्याला जोडलेल्या अॅम्प्लिफायरची कथा सांगितली. मुले त्यांना काका म्हणत होती, म्हणून आम्हीही इथे काकाच म्हणतो. त्यांनी सांगितलेले आणि आम्ही नंतर कागदावर आकडे मांडून पडताळलेले, असे दोन्ही पुढे देत आहोत.

अमेरिकेत १९५८ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी खुला केला. हाच सिटिझन्स बँड, बोलण्यात 'सीबी'. आरंभी २३ चॅनेल होते, १९७७ पासून ४० झाले. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंप ओस पडले आणि पुढच्या वर्षी महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला. कुठे डिझेल मिळते, कुठे पोलीस उभे आहेत, पुढे रस्ता बंद आहे का, सगळे त्यावर कळे. मोबाइल आल्यावर ही गर्दी ओसरली, पण लांबच्या ओसाड रस्त्यांवर ट्रकवाले अजूनही १९ नंबरचा चॅनेल लावून ठेवतात. ९ नंबर संकटकाळासाठी राखलेला आहे.

या रेडिओला नियमाने किती ताकद दिली आहे? एएम पद्धतीत ४ वॅट, आणि सिंगल साइडबँड पद्धतीत शिखराला १२ वॅट. रात्री घरात लावतो त्या शून्याच्या बल्बाच्या आसपासची ही ताकद. तेवढ्यावर मोकळ्या मैदानात काही मैल बोलणे होते. पण माणसाला तेवढ्याने समाधान नसते. म्हणून रेडिओ आणि एरियल यांच्या मध्ये एक डबा बसवतात. त्याला तिकडे 'लिनियर' म्हणतात. सीटखाली ठेवलेला हा डबा चांगलाच तापतो म्हणून ट्रकवाल्यांच्या बोलीत त्याला 'पाय शेकायची शेगडी' असेही नाव आहे. काकांनी शंभर वॅटचा एक घेतला, दोन केबली जोडल्या, बॅटरीची तार लावली आणि निघाले.

पुढचे त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर "पत्रिका न जुळवता लग्न लावले."

पहिला गुण जुळायला हवा तो ताकदीचा. इथे मुलांनी थोडे लक्ष द्यावे, कारण साऱ्या लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे. एएम रेडिओ ४ वॅटचा असतो म्हणजे आपण गप्प बसलेलो असताना तो ४ वॅटची वाहक लहर पाठवतो. आपण बोललो की आवाजाप्रमाणे त्या लहरीची उंची कमी-जास्त होते. पूर्ण आवाजात तिचे व्होल्टेज दुप्पट होते. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून शिखराला ती चौपट, म्हणजे १६ वॅट होते. मग शंभर वॅटच्या डब्याचे काय? डब्यावर लिहिलेला आकडा बहुधा शिखराचा असतो. म्हणजे गप्प बसलेले असताना त्यातून २५ वॅटच निघायला हवेत, तरच बोलताना शंभरापर्यंत चढायला जागा राहील. समजा डबा ताकद दहापट करतो. तर त्याला आत अडीच वॅटची वाहक लहर दिली पाहिजे. आपण दिले ४. बाहेर ४० निघाले, आणि पूर्ण आवाजात त्याच्याकडून आपण १६० मागितले. त्याच्याजवळ आहेत शंभर. तो शंभरावर थांबतो आणि लहरीचे डोके सपाट कापले जाते.

डोके कापलेली लहर कशी ऐकू येते ते बडोदेकरांना सांगायला नको. गणेशोत्सवात एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवतो, तेव्हा भोंग्यातून जे फाटके ओरडणे बाहेर पडते तेच हे. फरक एवढाच की भोंग्याचा त्रास आपल्या गल्लीपुरता असतो. रेडिओत कापलेल्या लहरीतून नव्या, नको असलेल्या लहरी तयार होतात आणि त्या शेजारच्या चॅनेलवर सांडतात. सीबीचे चॅनेल बहुतेक ठिकाणी एकमेकांपासून फक्त १० किलोहर्ट्झवर आहेत. बोलणारा १९ वर बोलतो आणि १७, १८, २०, २१ वरच्या लोकांना त्याची खरखर ऐकावी लागते. बोलणाऱ्याला मात्र यातले काहीच कळत नाही. त्याच्या मीटरचा काटा छान उड्या मारत असतो.

काकांच्या बाबतीत नेमके हेच झाले. वायोमिंग राज्यातून जाणाऱ्या आय-८० महामार्गावर हिवाळ्यात बर्फ आणि वारा यांचा फार त्रास असतो. अशाच एका रात्री ते नव्या डब्यावर खुशीत गप्पा मारत चालले होते. ट्रकथांब्यावर उतरले तेव्हा दुसरा एक चालक त्यांच्या दाराशी आला. पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता, मागचे लोक ते सांगण्याचा प्रयत्न करत होते, आणि काकांच्या रेडिओच्या फाटक्या आवाजात ते त्याला ऐकू आले नव्हते. त्याने ब्रेक वेळेवर दाबला, म्हणून तो बोलायला आला. "तो ओरडला असता तर बरे वाटले असते," काका म्हणाले, "तो शांतपणे सांगून निघून गेला." वर्गात बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

मग उपाय काय? डब्याला जेवढे पचते तेवढेच वाढावे. रेडिओ आणि डबा यांच्या मध्ये रोधकांचे एक छोटे जाळे घालतात, त्याला अॅटेन्युएटर म्हणतात. ४ वॅटचे अडीच करायला २ डेसिबलचे पुरते. त्यातली उरलेली ताकद रोधकांत उष्णता होऊन जाते, म्हणून रोधक पुरेशा वॅटचे हवेत. पूर्ण आवाजात एएमची सरासरी ताकद दीडपट होते, हेही विसरू नये. काही डब्यांची रचनाच जास्त ताकद आत घेण्यासाठी केलेली असते, त्यांना याची गरज पडत नाही. सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर नसतेच. तिथे रेडिओ शिखराला १२ वॅट देतो, म्हणजे दहापटीच्या डब्याला तेही थोडे जास्तच, तेव्हा माइकचा आवाज उतरवावा लागतो. २०२१ साली तिथल्या आयोगाने सीबीवर एफएमलाही मुभा दिली. एफएममध्ये लहरीची उंची बदलतच नाही, म्हणून तिथे ही डोके कापण्याची भानगड नाही. पण सीबीवरचा बराचसा व्यवहार एएमचाच.

दुसरा गुण रोधाचा. रेडिओ, केबल, डबा, एरियल, सगळे ५० ओहमचे असावेत असा संकेत आहे. तो पाळला नाही तर ताकदीचा काही भाग पुढे न जाता परत फिरतो. विहिरीत दगड टाकल्यावर लाट काठाला आपटून परत येते, तसेच. किती परत येते ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. आकडा १.५ असेल तर शंभरातले ४ भाग परत येतात, २ असेल तर ११, आणि ३ असेल तर २५. दीडपर्यंत कोणी चिंता करत नाही. तीनला मात्र शंभर वॅटच्या डब्यातले पंचवीस परत फिरतात, आणि ट्रान्झिस्टरांना तो उलटा मार सोसत नाही.

हा मीटर दोन्ही ठिकाणी लावून पाहावा लागतो, एकदा डबा आणि एरियल यांच्या मध्ये, आणि एकदा रेडिओ आणि डबा यांच्या मध्ये. दुसरे मोजमाप बहुतेक लोक करत नाहीत. एरियल उत्तम, आकडा १.२, तरी रेडिओ तापतो. कारण डब्याचे आतले तोंड ५० ओहमचे नसते. स्वस्त डब्यांत हे नेहमीचे. ते आतल्या सर्किटमध्येच दुरुस्त करावे लागते. ट्रकवाल्यांत मात्र एक तोडगा फार लोकप्रिय आहे: मधली केबल अमुक फुटांचीच घ्या, सगळे ठीक होते. आम्हाला हा तोडगा ताप मोजायचा थर्मामीटर बदलण्यासारखा वाटतो. केबलची लांबी बदलली की रेडिओला समोर दिसणारा रोध बदलतो, त्यामुळे रेडिओ कधीकधी शांत होतो हे खरे. पण केबलमधली जुळणी बिघडलेलीच राहते. केबलच्या लांबीने मीटरचा आकडा फार हलत असेल तर केबलच्या बाहेरच्या वेष्टनावरून प्रवाह वाहतो आहे किंवा गाडीच्या पत्र्याशी जोड नीट नाही, असे समजावे.

आता वीज. हा हिशेब आठवीच्या मुलांनाही करता येईल. शंभर वॅट बाहेर काढायचे आणि डब्याची कार्यक्षमता साधारण निम्मी धरली, तर आत २०० वॅट हवेत. गाडी चालू असताना बॅटरीचे व्होल्टेज १३.८ धरा. २०० भागिले १३.८, म्हणजे साडेचौदा अॅम्पियर. सिगारेट पेटवायच्या खाचेतून ही वीज घेऊ नये. तारेचा रोध ०.१ ओहम इतका किरकोळ असला तरी साडेचौदा अॅम्पियरला तिच्यात जवळजवळ दीड व्होल्ट गळतात, तार तापते, आणि बोलताना डब्याला वीज कमी पडून आवाज पुन्हा फाटतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जाड तार थेट बॅटरीपासून आणावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावावा. फ्यूज डब्याजवळ लावणारे लोक डबा वाचवायला बघतात. फ्यूज असतो तो तार पेटू नये म्हणून.

डब्याच्या आत एक रिले असतो. आपण बोलू लागलो की तो लहर ओळखून डबा मध्ये आणतो, थांबलो की बाजूला करतो आणि एरियल सरळ रेडिओला जोडतो. सिंगल साइडबँडमध्ये शब्दाशब्दांत लहर तुटते, त्यामुळे रिले टकटक करत राहतो. म्हणून तिथे तो अर्धा-एक सेकंद धरून ठेवणारा विलंब हवा. या रिलेमधूनच ऐकण्याचीही वाट जाते, आणि इथेच काकांचे दुसरे संकट आले. एरियलचा बूड हादऱ्यांनी सैल झाला होता. एसडब्ल्यूआर चढला, ट्रान्झिस्टर जळाले, रिलेची टोकेही जळून निकामी झाली. डबा गेला तो गेला, त्याने चांगला रेडिओही मुका आणि बहिरा केला. डबा काढून केबल पुन्हा सरळ जोडेपर्यंत त्यांना काही ऐकू येईना.

इतके सगळे करून मिळते काय? चार वॅटचे शंभर झाले म्हणजे पंचवीसपट, डेसिबलमध्ये १४. ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक खूण सहा डेसिबलची धरतात, म्हणजे काटा सव्वादोन खुणा पुढे सरकतो. मोकळ्या अवकाशात अंतर पाचपट वाढले असते. जमिनीवर डोंगर, झाडे आणि पृथ्वीची गोलाई असल्याने त्याहून पुष्कळ कमी. शिवाय ऐकण्यात काहीच वाढ नाही. तुमचे दुसऱ्याला ऐकू जाते, पण त्याच्याकडे चारच वॅट असल्याने त्याचे उत्तर तुमच्यापर्यंत येत नाही. रेडिओवाल्यांच्या बोलीत अशा माणसाला 'मगर' म्हणतात: तोंड मोठे, कान नाहीत.

एरियलचे तसे नाही. चांगला एरियल बोलणे आणि ऐकणे दोन्ही सुधारतो. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. एवढा उंच दांडा ट्रकवर चालत नाही म्हणून तारेचे वेटोळे घालून तो आखूड करतात, आणि आखूड केला की कार्यक्षमता उतरते. काकांनी डबा गेल्यानंतर नवा डबा घेतला नाही. एरियल उंच आणि मोकळ्या जागी बसवला, त्याच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्र्याशी स्वच्छ जोड केला, चॅनेल १, २० आणि ४० वर मीटर पाहून दांड्याची लांबी कमी-जास्त केली. चार वॅटवरच त्यांचे काम चालते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे त्यांनीच हसत सांगितले.

आता कायद्याचे. अमेरिकेत सीबीला बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडणे नियमबाह्य आहे, आणि काकांनी ते लपवले नाही. १९७८ मध्ये तिथल्या आयोगाने २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अशा डब्यांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी घातली, तरी ते विकले जात राहिले. बंदीमागे घरोघरचे टीव्ही हे एक मोठे कारण होते. २७.१८५ ची दुप्पट ५४.३७ मेगाहर्ट्झ, तिथल्या जुन्या टीव्हीचा दुसरा चॅनेल ५४ पासून सुरू होई. तिप्पट ८१.५५, तो पाचव्या चॅनेलमध्ये पडे. डब्याच्या पुढे लो-पास फिल्टर नसला की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याचा आवाज कुणाच्या तरी दिवाणखान्यात निघे. भारतात २००५ साली केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला, तोही पाच वॅटच्या मर्यादेत. त्यावर शंभर वॅटचा डबा जोडला की ती सवलत संपते. सहलीत नेलेल्या वॉकी-टॉकींनाही अशीच मर्यादा आहे. तेव्हा विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर: बूस्टर घेता येणार नाही.

ज्यांना खरोखर जास्त ताकदीने बोलायचे आहे त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा रस्ता आहे. २००९ साली सुधारलेल्या नियमांत १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना परीक्षा देऊन परवाना घेता येतो. पहिल्या श्रेणीला ५० वॅटपर्यंत, वरच्या श्रेणीला ४०० पर्यंत मुभा. परीक्षेत हेच विचारतात: रोध, लहरी, फिल्टर, नियम. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी भूजहून निरोप पोहोचवले होते, हे आपल्या काही पालकांना आठवत असेल.

पावागडचा प्रश्न मात्र त्याच वर्गात आठवीच्या एका मुलीने सोडवला. माचीच्या वळणावर दोन विद्यार्थी एक वॉकी-टॉकी घेऊन थांबवायचे. त्यांना खालचेही ऐकू येते आणि वरचेही. ते निरोप इकडून तिकडे सांगतील. येत्या सहलीत तसेच करणार आहोत. फक्त त्या दोघांना दर्शन उशिरा होईल, म्हणून तासातासाने जोडी बदलायची असे ठरले आहे.

सुट्टीत विज्ञान मंडळ एक डमी लोड तयार करणार आहे. हवेत एक अक्षरही न सोडता रेडिओची ताकद मोजण्याचे हे साधन. १००० ओहमचे, प्रत्येकी २ वॅटचे वीस कार्बन रोधक समांतर जोडले की ५० ओहम आणि ४० वॅटचा भार होतो. तारेचे वेटोळे असलेले रोधक चालणार नाहीत, ते या कंपनसंख्येला गुंडाळीसारखे वागतात. शहरातले एक परवानाधारक हॅम आपला संच घेऊन येण्यास तयार आहेत. कोणा पालकांकडे जुन्या टीव्ही-रेडिओचे सुटे भाग पडून असतील आणि त्यांत तपकिरी, काळा, लाल असे पट्टे असलेले जाडसर रोधक सापडले, तर ते पाकिटात घालून विज्ञान शिक्षकांकडे पाठवावेत. आजपर्यंत अकरा जमले आहेत.